कणकेने मोजलेली फट

सिंगापूरमध्ये नवीन मराठी माणूस भेटला की दोन प्रश्न ठरलेले असतात: कुठे राहता, आणि कुठल्या बँकेत आहात? बँक नसेल तर आयटी, आयटी नसेल तर रिसर्च. "मी मोटारींच्या इंजिनांची हेड्स विकते," असं मी सांगितलं की समोरचा माणूस इकडेतिकडे बघायला लागतो. मग मीच चिवड्याची बशी पुढे करते. माझा नवरा विवेक जवळपास असला तर "आसावरी इंजिनीयर आहे" असं म्हणून सारवासारव करतो. इंजिनीयर मी आहेच, पुण्याच्या कॉलेजची. पण पोट भरलं ते हेड्सवर, आणि मजाही त्यातच आली. आता निवृत्त झाल्यावर तरी ते नीट सांगून टाकावं म्हणते.

इंजिनच्या ठोकळ्यात सिलिंडर असतात आणि त्यांत पिस्टन वरखाली होत असतात, इतपत शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. त्या ठोकळ्यावर जड झाकणासारखा जो भाग बसतो, ते हेड. झाकण म्हणते खरी, पण कारभार सगळा तिथून चालतो. हवा आणि पेट्रोल आत येतं ते हेडमधल्या बोगद्यांतून. या बोगद्यांना आम्ही पोर्ट म्हणतो. जळलेला धूर बाहेर जातो तोही तिथूनच, आणि या बोगद्यांची दारं उघडमिट करणारे व्हॉल्व्हसुद्धा हेडमध्येच बसलेले असतात. गाडीबरोबर आलेलं हेड काढून, जास्त हवा खेचणारं दुसऱ्या कोणी बनवलेलं हेड बसवलं की इंजिनची ताकद वाढते. अशी हेड्स आमची छोटीशी कंपनी बाहेरून मागवायची. कुठलं हेड घ्यावं, आणि बहुतेक वेळा कुठलं घेऊ नये, हे गिऱ्हाइकाला सांगणं हे माझं काम.

हे "घेऊ नये" सांगण्यातच माझी हयात गेली. स्पोर्ट्स कारवाल्याला हवं असतं सगळ्यांत मोठ्या पोर्टचं हेड. जितकं मोठं भोक तितकी जास्त हवा, असा त्याचा सरळ हिशेब. शर्यतीच्या गाडीला तो लागू पडतोही, कारण तिचं इंजिन कायम किंचाळत असतं. पण रस्त्यावरची गाडी दिवसातला बराच वेळ रांगत असते. झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, अंगठा काढला की तेच पाणी पायाशी पडतं. मोठ्या पोर्टमध्ये हवेचं तसंच होतं. इंजिन हळू फिरत असेल तर हवा आळसावते, तिला वेग राहत नाही, पेट्रोल तिच्यात नीट मिसळत नाही आणि सिग्नल सुटल्यावर गाडी खोकत निघते. म्हणून गाडीबद्दल काही विचारण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारायचे, "काल ऑफिसला जाताना किती सिग्नलना थांबलात?" माणसं चिडायची. आपण वाघ दाखवायला आणावा आणि समोरच्याने तो दूध किती पितो ते विचारावं, तसं त्यांना वाटत असेल.

एक वयस्क चिनी गृहस्थ मात्र चिडले नाहीत. हसत हसत माझं सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्यांत मोठं हेडच घेऊन गेले. वर्षभराने दुकानात आले आणि म्हणाले, "यू टोल्ड मी, आय नेव्हर लिसन ला." गाडीला त्यांनी जुनं हेड परत बसवलं होतं. नव्याचं काय केलंत म्हणून विचारलं, तर त्यांनी फोनवर फोटो दाखवला. बाल्कनीत माझं ते सुंदर हेड आडवं ठेवलेलं आणि त्याच्या पोर्टांतून बायकोची ऑर्किड्स बाहेर डोकावत होती. फुलं छान होती. मला मात्र दोन दिवस वाईट वाटत राहिलं, कारण तसं सुबक ओतीव काम रोज हाताखालून जात नाही.

दुसरा पुंगोलचा एक तरुण बाप. हेड दाखवायला आणायचं, तर गाडी उघडून ठेवलेली आणि टॅक्सीवाला तेलकट धूड आत घेईना. तेव्हा या पठ्ठ्याने ते चक्क बाबागाडीत घातलं, वर दुपटं पांघरलं आणि एलआरटी, एमआरटी अशा ट्रेन बदलत आमच्या दारात हजर. बाळ बायकोच्या कडेवर. बायको मला म्हणाली, "होल ट्रेन लुकिंग अॅट हिज बेबी, नॉट मायन." त्या हेडला फक्त व्हॉल्व्ह घासून बसवायची गरज होती. नवं घेऊ नका असं मी सांगितलं तेव्हा तिने मला जवळजवळ मिठीच मारली.

पण मला सांगायचं आहे ते अमोल गायकवाडबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्या वडिलांबद्दल.

अमोल मूळ नागपूरचा. बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करायचा आणि बुकित पंजांगला राहायचा. त्याच्याकडे दोन दारांची एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार होती. एकदा रस्त्यातच इंजिन तापलं आणि हेडला तडा गेला. इथे म्हातारी गाडी बंद पडली की लोक तिला भंगारात काढतात आणि विषय संपवतात. अमोलने तसं केलं नाही. एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये कोपरा मिळवला आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच इंजिन उघडायला घेतलं.

तो हेड घ्यायला आला तेव्हा बरोबर वडील होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काटक शरीर, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि भिंतीवर टांगलेली हेड्स एकेक करून निरखत राहिले. अमोलला अर्थातच सगळ्यांत मोठं हवं होतं.

"ऑफिसला गाडीने जाता?" मी विचारलं.

"कधी कधी. एरवी एमआरटी. पण मॅडम, सुट्टीत मलेशियाच्या हायवेवर नेतो ना."

"वर्षातून कितीदा?"

"दोनदा," अमोल म्हणाला, आणि मग प्रामाणिकपणे, "मागच्या वर्षी एकदाच."

दाराजवळून वडिलांचा आवाज आला, "अन् तवाही पाऊस होता म्हणते."

आम्ही तिघंही हसलो आणि तिथून काम सोपं झालं. मधल्या मापाचे पोर्ट, मूळच्यापेक्षा जेमतेम मोठे व्हॉल्व्ह आणि जळण्याची पोकळी थोडी लहान, असं हेड मी काढून दिलं. पोकळी लहान असली की मिश्रण जास्त दाबलं जातं आणि कमी वेगातही इंजिनला जोर येतो. इथल्या वार्षिक तपासणीत धूर आणि आवाज दोन्ही बसतील याचीही खात्री करून घेतली. अमोलने फक्त एक हट्ट धरला. व्हॉल्व्ह जरा जास्त खोल उघडणारा कॅमशाफ्ट त्याने आधीच घेऊन ठेवला होता आणि तोच त्याला वापरायचा होता.

"वापरा," मी म्हटलं, "पण मग फट मोजल्याशिवाय हेड कायमचं आवळायचं नाही."

ही फट म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यांत धास्तीची जागा. पिस्टन वर येतो त्याच सुमारास व्हॉल्व्ह खाली उतरलेला असतो. दोघांमध्ये दोनएक मिलिमीटर अंतर राहायला हवं. कमी असेल तर हाताने इंजिन फिरवताना काहीच कळत नाही, सगळं गुण्यागोविंदाने फिरतं. पण रस्त्यावर जोरात पाय दिला की दोघांची टक्कर होते. व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टन फुटतो आणि तुकडे सिलिंडर फाडत जातात. मग नवं हेडही गेलं आणि जुनं इंजिनही. मोजायची पद्धत मात्र अगदी पोरखेळाची आहे. पिस्टनच्या माथ्यावर लहान मुलांची क्ले थापायची, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, हेड काढायचं आणि चेपलेली क्ले कापून तिची जाडी मोजायची. जाडी असेल तेवढी फट.

निघताना वडील माझ्याजवळ थांबले. "मी सरकारी गॅरेजात होतो ताई. मोजल्याबिगर आम्ही काहीच बंद नाही केलं," ते म्हणाले. त्यांना मी भाऊ म्हणायला लागले ते तेव्हापासून.

नंतर अमोलने फोनवर सांगितलं त्यावरून मला बाकीचं कळलं. त्याची आई गेल्यावर त्याने वडिलांना इथे आणलं होतं. ते दिवसभर खिडकीत बसून समोरून जाणारी एलआरटी पाहायचे. जेवायला बोलावलं तर जेवायचे, आणि दर दोन दिवसांनी विचारायचे, "परतीचं तिकीट कवाचं आहे?" इंजिन उघडल्यापासून मात्र ते सकाळी अमोलच्या आधी बूट घालून तयार असायचे. "मॅडम, बाबा परवा शीळ घालत होते," तो म्हणाला. मुलाच्या आवाजात एवढा आनंद मी क्वचितच ऐकला आहे.

एका शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. फट मोजून झाली होती. दोनच्या जरा वरच भरली होती आणि उद्या सकाळी हेड कायमचं आवळून इंजिन सुरू करायचं ठरलं होतं. बुधवारी वडिलांचं विमान होतं, त्याआधी त्यांना मलेशियाच्या हायवेवर एक फेरी मारून आणायची होती.

"आणि गंमत सांगतो. क्ले मिळाली नाही, तर बाबांनी घरून कणीक नेली! कणकेने मोजलं."

मीही हसले. नागपुरी डोकं, म्हटलं. मऊ काहीतरी हवं, ते मिळालं.

आमच्या घरी पोळ्या विवेक करतो. मला येत नाहीत असं नाही, पण त्याच्या गोल होतात. त्या संध्याकाळी मी ताटं घेत होते आणि तो ओट्याशी लाटणं आपटत कुरकुरत होता, "आज कणीक मुरलीच नाही. लाटली की परत आखडते. बघ, एवढी मोठी लाटली होती."

मी बघितलं. पोळी खरंच माझ्या डोळ्यांदेखत आक्रसत होती, कडेने जाड होत होती. माझ्या हातातली ताटं तशीच राहिली. क्ले चेपली की चेपलेलीच राहते. कणीक चेपली की परत फुगते. हेड सोडवायला, उचलायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ती आरामात जाड झाली असणार. भाऊंनी मोजली ती फट नव्हतीच, फुगलेली कणीक होती.

अमोलला लगेच फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, इंजिनचं मी काहीही निभावून नेईन. पण बाबांना हे कोण सांगणार? ते परत खिडकीत जाऊन बसतील."

"मी सांगते," मी म्हटलं. "उद्या माझ्याशिवाय काही आवळू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी एमआरटीत बसले तेव्हा पर्समध्ये क्लेचं पाकीट आणि डब्यात विवेकने मळून दिलेला कणकेचा गोळा होता. वाटेत मी दहा बहाणे रचले आणि मोडले. शिवाय माझा अंदाज चुकलेला असू शकत होता. फट खरोखर दोन मिलिमीटर असेल तर एका हळव्या झालेल्या माणसाला मी विनाकारण दुखावणार होते. आयुष्यात इतकी हेड्स विकली, पण वर्कशॉपच्या दारात घुटमळले ते त्याच दिवशी.

"जयभीम ताई, या," भाऊ म्हणाले. स्टूल पुसून पुढे केलं. "आज ऐकाच इंजिन कसं बोलते ते."

अमोल माझ्याकडे बघेना. मी सरळच बोलले, "भाऊ, मला एक शंका आहे. चुकीची निघाली तर तुमची माफी मागेन. या गोळ्यावर जरा अंगठा दाबता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि कणकेत अंगठा खोल दाबून उचलला. आम्ही तिघं वाकून त्या खळग्याकडे बघत राहिलो. तो हळूहळू भरत आला.

"फुगून राहिली," भाऊ पुटपुटले. पुन्हा दाबली, पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "गॅरेजात आम्ही शिशाची तार ठेवत होतो. शिसं दबलं का दबलं, ते नाही फुगत. इथं शिसं नाही भेटलं, तं म्हटलं कणीक मऊच आहे." त्यांनी चिंधीला हात पुसले, चिंधीची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. अमोलचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा हत्याराला हात लावणार नाही.

"क्ले आणली का तुम्ही?" भाऊंनी विचारलं.

मी पाकीट काढेपर्यंत त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. सगळं त्यांनीच केलं. क्ले थापली, ती चिकटू नये म्हणून व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावलं, अमोलबरोबर हेड बसवून आवळलं, इंजिन हाताने फिरवलं, पुन्हा सोडवलं. मी कशालाही हात लावला नाही. चेपलेली क्ले ब्लेडने कापली. जाडी मोजायच्या व्हर्नियरवर आकडा त्यांनी वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"एकाच्या आत आहे," ते म्हणाले.

अमोल शेजारच्या टायरवर मटकन बसला. "बाबा, आज दुपारी आपण हायवेवर असतो."

"असतो कुठले. क्रेनवर असतो."

माझा जीव भांड्यात पडला. हसू की रडू कळेना. इंजिन वाचलं होतं, आणि शंका घेऊन मी कोणाला उगाच दुखावलं नव्हतं. पण पुढची अडचण होतीच. पिस्टन बाहेर काढून त्यांच्या माथ्यावरचे व्हॉल्व्हसाठीचे खळगे खोल करून आणायला हवे होते, आणि त्याला आठवडा तरी लागणार होता. भाऊंच्याही ते लक्षात आलं असणार. त्यांनी अमोलला विचारलं, "तिकीट कवाचं आहे?"

"बुधवारचं, बाबा."

"पुढं ढकल. असं उघडं इंजिन टाकून कोणी जाते का?"

अमोल उठला आणि फोन करायचा आहे असं सांगून बाहेर गेला. बाहेर तो फोनवर बोलत नव्हता, नुसता डोळे पुसत उभा होता, हे मला दिसत होतं. भाऊंना दिसलं की नाही कोण जाणे. ते पिस्टनचे बोल्ट सोडवायला लागले होते.

पिस्टन परत आले, बसले, फट पुन्हा क्लेने मोजली गेली, तीही दोनदा, कारण भाऊंचा आता एकदा मोजण्यावर विश्वास उरला नव्हता. इंजिन सुरू करायच्या दिवशी त्यांनी मला आवर्जून बोलावलं. विवेकही आला, कारण कणीक त्याची होती असं त्याचं म्हणणं. अमोलने चावी फिरवली. इंजिन एकदा अडखळलं आणि मग जे लागलं ते एका लयीत, कुठे टक् नाही की टिक् नाही. भाऊ हेडवर तळवा ठेवून डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी मान हलवली आणि अमोलला खूण केली, दे पाय.

दोघं गाडी घेऊन गेले. विवेक आणि मी वर्कशॉपच्या दारात कोपीचे, म्हणजे इथल्या कडक कॉफीचे, कप घेऊन उभे राहिलो. मी घड्याळाकडे बघत नव्हते असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. रस्त्यावर धूर सोडत गेलेला प्रत्येक ट्रक मला तेव्हा क्रेनच वाटत होता. शेवटी वळणावरून तो आवाज ऐकू आला, गेला होता तसाच स्वच्छ, आणि मी कप खाली ठेवला.

भाऊ गाडीतून उतरले. पांढऱ्या शर्टाला पाठीवर घाम आला होता. मी विचारलं, "कशी वाटली गाडी?"

"गाडी ठीकच आहे," ते म्हणाले. मग मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने माझ्याजवळ सरकले. "ताई, तुमच्या वळखीत दुसरं कोणाचं इंजिन उघडलेलं आहे का?"